दुखलं, की पटलं नाही?

४ मार्च

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचलास की नाही हे समोरच्याला कळायची सोयही बंद करून ठेवली आहेस. कागदाचं तसं नाही, तो तुझ्या दारात येऊन पडणारच. मग वाच नाहीतर फाड, पण आलाच नाही असं तुला म्हणता येणार नाही.

आधी बातमी सांगते. जानेवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड उजवीकडे जरा ओघळलंय, आणि वाचा गेली. जिवावरचं संकट टळलंय, घरी आणून महिना होत आला. तू धावत यावंस म्हणून मी लिहीत नाहीये. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि रडून-भेकून कुणाला बोलावणं माझ्याच्यानं होत नाही.

वाचा गेली म्हणजे कळणं गेलेलं नाही, हेच सगळ्यात वाईट. शब्द आत तयार असतो आणि त्याला बाहेर यायची वाट सापडत नाही. सुरुवातीला बाबा धडपडायचे, घामाघूम व्हायचे. आता धडपडतही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. बोलायला शिकवायला एक बाई येतात. वयानं आपल्यापेक्षा लहान असतील, पण बाबांना चक्क दटावतात. कप, किल्ली, कुत्रा अशी चित्रं समोर धरून म्हणतात, "सांगा बघू, हे काय?" बाबा त्यांच्याकडे असे बघतात की जणू आता बाईंचीच दाढ उपटणार आहेत. काल जिन्यात थांबून त्या मला म्हणाल्या, "हे पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. यांनी प्रयत्नच सोडला तर पुढे बोलणं परत येणं कठीण आहे. कप-किल्लीसाठी काही हा माणूस तोंड उघडणार नाही. यांना कशाबद्दल बोलायला आवडायचं?"

मी हसले, दादा. भर जिन्यात, त्यांच्या तोंडावर. काय सांगणार त्यांना? दाताचे डॉक्टर म्हणून ज्या माणसानं जन्मभर लोकांना आ करायला लावलं आणि स्वतः बोलून घेतलं, त्याला कशाबद्दल बोलायला आवडायचं! गालात कापूस, ओठाला लाळ ओढणारी नळी, असा पेशंट खुर्चीत आडवा झाला की यांचं सुरू. उमेदवाराचा जाहीरनामा कसला वाचता, हिरड्या बघा, हिरड्यांना थापा मारता येत नाहीत. हल्लीचे नट रडताना दात दाखवतात. खरं रडणारा माणूस तोंड मिटून रडतो. माणसाचा जबडा लहान लहान होत चाललाय आणि शास्त्रज्ञ दुसऱ्या ग्रहांवर जागा शोधतायत, आधी अक्कलदाढेला शोधा म्हणावं. एका छत्रीतून दोघांनी जाऊ नये, दोघंही भिजतात आणि वर मैत्री केल्यासारखं वाटतं.

आणि तो दवाखान्याचा नियम. "दुखलं तर डावा हात वर करायचा. पटलं नाही तरी डावाच." हात वर झाला की मशीन थांबवून विचारायचे, "दुखलं, की पटलं नाही?" पेशंट बिचारा मानेनं काय ते सांगायचा. बहुतेकांचं दुखलेलंच असायचं. पटत नव्हतं ते फक्त तुला. जेवताना तोंडात घास असला तरी डावा हात वर करणारा या घरात तू एकटाच.

मला मतं नाहीत, हे तू जाणतोसच. दवाखाना आता मी चालवते आणि पेशंट म्हणतात, "डॉक्टर, तुमचा हात हलका आहे हो, पण तुम्ही काही बोलतच नाही." तेव्हा मागणं एवढंच आहे. तुझी काही मतं लिहून पाठव. राजकारण, सिनेमा, चंद्र-तारे, पायमोजे, कशावरही चालतील, बाबांना न पटणारी असली म्हणजे झालं. मी त्यांना वाचून दाखवीन. माफी, आठवणी, प्रकृतीची चौकशी यातलं काही नको. नुसती मतं.

तुझी
कवळी

(माझे पुढचे दात एकदम पडले तेव्हा हे नाव तूच पाडलंस. दुसरी सही करायचा मला कंटाळा येतो.)


१९ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मग मी तुझ्या वतीनं सुरू केलंय.

दवाखान्यातली जुनी खुर्ची, ती पायानं दाबल्यावर आडवी होणारी, मी वर घरात आणून घेतली. पलंगापेक्षा बाबांना तिच्यात बरं बसता येतं. प्रत्येक जेवणानंतर मी त्यांचं तोंड साफ करते, कारण उजव्या गालात घास अडकून राहतो आणि त्यांना तो जाणवत नाही. तर आता बाबा आडवे, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, आणि हातात आरसा घेऊन बोलणारी मी. सगळंच उलटं झालंय.

आधी मी माझ्याच नावावर मतं खपवून पाहिली. पेपर वाचून तयारी केली होती. सरकारनं शाळांची वेळ बदलली ते बरं झालं, असं म्हटलं. काही नाही. तो नवा सिनेमा फार लांबलाय, असं म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, माझी मतं ऐकून मलाही झोप येत होती. खाली एका पेशंटवर सराव केला, ते शिवणकाम करणारे काका, तर ते चूळ भरून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बरोबरच बोलता, पण वडिलांसारखी मजा नाही."

मग गुरुवारी माझ्या तोंडून निसटलं, "दादाचा फोन आला होता. तो म्हणतो, मंत्र्यांऐवजी आता कॉम्प्युटरनंच राज्य करावं. निदान तो उद्घाटनं तरी करत हिंडणार नाही."

बाबांनी डोळे उघडले. चादरीखालून डावा हात निघाला आणि वर झाला. इतक्या दिवसांत आपणहून केलेली ही त्यांची पहिली हालचाल. मी आरसा बाहेर काढला आणि आपसूकच विचारलं, "दुखलं, की पटलं नाही?" त्यांनी ओठ मिटले. उजवीकडून हवा निसटत होती तरी दाबून, फुंकर मारल्यासारखं काढलं, "प."

बाईंना सांगितलं तर त्या चित्रं टाकून उठल्या. "प? स्वतःहून?" आणि मला म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगा, रोज फोन करा."

तर आता तू रोज फोन करतोस. रस्त्यात कुणी गाठलं तर तोंडघशी पडायला नको म्हणून तुझी मतं तुला कळवून ठेवते. तुझ्या मते गाण्यांना कडवी नकोत, सुरुवातीची ओळच पुन्हा पुन्हा म्हटली तरी काम भागतं. विश्वात दुसरीकडे कुठे माणसं असतील तर ती आपल्याला मुद्दाम टाळत आहेत. विरोधी पक्ष ही जुनी फॅशन आहे. कपड्यांना इस्त्री करणारा माणूस मनातून भित्रा असतो. दिवसातून एकदाच दात घासले तरी पुष्कळ झालं, असंही तू परवा म्हणालास, तेव्हा हात एवढ्या जोरात वर आला की माझा ट्रे खाली पडला. एका हाताची नखं कापून झाली की मी जरा विसावते, तेवढ्यात ते माझ्याकडे बघतात. म्हणजे आज काय म्हणाला तो?

दर वेळी मी विचारते आणि दर वेळी "प." आता त्यामागे "पट"सुद्धा येतं. मला वाटलं नव्हतं, कुणाला काही न पटण्याचा मला इतका आनंद होईल.

कवळी


२ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी, पण अक्षर बघून बरं वाटलं. "माझ्या तोंडी काहीबाही घालू नकोस. त्यांना माझ्या मतांची गरज कधीच नव्हती."

पहिली ओळ मान्य. मी थांबवलंय. तुझ्या हुकमावरून नव्हे, बाबांनीच थांबवायला लावलं म्हणून. दुसरी ओळ मात्र साफ चूक आहे, आणि ती कशी ते सांगते.

परवा व्यायाम करून घेताना बाबा पडले. लागलं काही नाही, पण दिवसभर पुन्हा भिंतीकडे तोंड. जेवले नाहीत. बाई आल्या तशा परत गेल्या. मला वाटलं, आज वाद नको, आज यांना जरा सुख देऊ. संध्याकाळी खुर्चीत बसवून म्हटलं, "बाबा, दादाचा फोन होता. म्हणाला, बाबांचं बरोबर आहे. खरं रडणारा माणूस तोंड मिटूनच रडतो, हे त्याला आता पटलंय."

मला वाटलं खूश होतील. मुलगा इतक्या वर्षांनी एकदा तरी आपल्याला बरोबर म्हणतोय.

हात वर झाला. मी चक्रावलेच. मत त्यांचंच, आणि हात वर! मी विचारलं, "दुखलं, की पटलं नाही?" तर 'प' आला नाही. त्यांनी आरशासकट माझं मनगट धरलं, तोंडाबाहेर ओढलं आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तो... नाही." मी म्हटलं, काय नाही? पुन्हा जुळवाजुळव केली. "तो... असं... नाही."

तो असं म्हणणार नाही. दादा, झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य तुझ्याबद्दल आहे, आणि ते मला खोटं पाडण्यासाठी आहे. इतके दिवस माझ्या थापा ते खऱ्या धरत होते की मुलगी धडपडतेय म्हणून ऐकून घेत होते, कोण जाणे. पण तू त्यांना हो म्हणालास, हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही. कारण तू त्यांना पाठ आहेस. आम्ही सगळ्यांनी जन्मभर मान हलवली, आईनंही, वाद नको म्हणून. बाबांचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचास तो एक तूच. नीट ऐकल्याशिवाय इतकं नेमकं उलट बोलता येत नाही. आता सांग, गरज कुणाला नव्हती?

मी थांबलेय. बाबा मात्र जेवण झालं की खुर्चीत बसून टेबलावरच्या फोनकडे बघतात. मला ते बघवत नाही.

कवळी


११ एप्रिल

दादा,

तू पुन्हा गप्प. म्हणून जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते लिहिते.

आईला पोचवून आलो त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं आणि बाबा चौकातल्या नव्या सिग्नलबद्दल बोलत होते. चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती थोडा वेळ राहतो. हे कुणा शहाण्यानं ठरवलं. त्यानं कधी स्वतःच्या पायांनी रस्ता ओलांडलाय का. एकदा सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. येणारा-जाणारा खाली मान घालून ऐकून घेत होता. तू उठलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "आई गेलीय, आणि तुम्ही सिग्नलवर मत देताय. तुम्हाला तिच्या जाण्याचं काही नाही. तुमच्यापुढे सगळी माणसं म्हणजे आ करून पडलेले पेशंट." मग बॅग उचललीस. त्याला चार वर्षं झाली.

तुला एक गोष्ट माहीत नव्हती, कारण शेवटचे महिने तू इथे नव्हतास. टोमणा मारत नाहीये, तुझी नोकरी होती. आईचे पाय पार गेले होते, तरी तिला रोज संध्याकाळी बागेत जायचं असायचं, आणि बाग चौकाच्या पलीकडे. बाबा दवाखाना लवकर बंद करून तिला घेऊन निघायचे. एका हिरव्या दिव्यात तिला तो रस्ता ओलांडता यायचा नाही. मध्येच लाल व्हायचा, गाड्या सुटायच्या, हॉर्न वाजायला लागायचे. मग बाबा एक हात तिच्या कमरेला आणि दुसरा गाड्यांपुढे आडवा धरून भर रस्त्यात उभे राहायचे. मी वर घराच्या खिडकीतून हे बघायचे. आई घाबरली की हसायची, तशी हसत असायची. घरी आल्यावर बाबांचं सिग्नलवर व्याख्यान सुरू, आणि आई म्हणायची, "पुरे हो आता. पोचलो ना?"

त्या दुपारी ते तिच्याबद्दलच बोलत होते, दादा. त्यांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बोलताच येत नाही. हे सांगायला मी तुझ्यामागे स्टेशनपर्यंत आले होते. तू माझं ऐकून घेतलं नाहीस आणि गाडी सुटली.

सिग्नल अजून तसाच आहे.

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, फोन कर. मी तो त्यांच्या कानाशी धरीन. काय बोलायचं ते तुझं तू बघ. फक्त कीव येऊन त्यांच्या होला हो मिसळू नकोस. ते त्यांना लगेच कळतं आणि फार लागतं.

कवळी


२२ एप्रिल

दादा,

फोन केलास. आभार मानत बसत नाही. तू ठेवल्यावर थोड्या वेळानं मी उलट लावला, तर बंद. आजही बंदच आहे. म्हणून पुन्हा कागद. तुला तिकडे नुसते आवाज ऐकू आले, तेही अर्धेच. इथे काय झालं ते सांगते. सावकाश वाच.

तुझा आवाज ऐकल्यावर बाबांनी आधी फोनकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, संशयानं. पुन्हा माझीच काही कारवाई असावी असं त्यांना वाटलं. तेवढ्यात तू म्हणालास, "बाबा, तुमच्या काळातले नट तोंड मिटून रडायचे कारण त्यांना अभिनय येत नव्हता." बस्स, खात्री पटली. असं तुझ्याशिवाय कोण बोलणार? हात ताडकन वर. मी ओरडून सांगितलं, "हात वर आहे!" आणि तू हसलास. ते हसणं त्यांनी ऐकलं. त्यांचं अर्धं तोंड हसलं, तेवढंच हसतं आता. मग तू अक्कलदाढा काढल्यास, मंत्री काढलेस, पायमोजे काढलेस, आणि मी तुमच्या दोघांमध्ये "वर, वर, पुन्हा वर" करत उभी. बाई म्हणतात, चित्रांच्या महिनाभराचं काम तेवढ्या वेळात झालं असेल.

मग तू थांबलास. म्हणालास, "बाबा, त्या दिवशी मी म्हणालो होतो, आई गेल्याचं तुम्हाला काही नाही."

हात वर झाला. आधीचे सगळे झटक्यात वर गेले होते. हा हळू गेला, खांद्यावरून काही जड उचलावं तसा. मी तुला सांगितलं. आणि तू अगदी त्यांच्या ढंगात, मशीन थांबवून ते विचारायचे तसं विचारलंस, "दुखलं, की पटलं नाही?"

त्यानंतर तुला काहीच ऐकू आलं नाही. तू "बाबा?" म्हणालास. मग "कवळे, आहेस का?" म्हणालास. मी होते. पण बाईंनी बजावून ठेवलंय, शब्द तयार होत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, बोललं की तो मोडतो. म्हणून मी ओ दिली नाही. आणि तू फोन ठेवलास. तुला वाटलं असणार, त्यांना उत्तर द्यायचंच नाही.

ते देत होते, दादा. आईला पलीकडे पोचायला लागायचा तसा त्यांना आता वेळ लागतो.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. 'प' येणार असंच धरून चालले होते, त्याचीच सवय झालीय. ओठ मिटले नाहीत. जीभ वरच्या दातांना लागली, सुटली, पुन्हा लागली. कपाळावर घाम आला. हात अजून वरच होता, तो मी खालून धरला. दुसऱ्या हातानं तो बंद पडलेला फोन त्यांच्या कानाशी तसाच धरून ठेवला होता. तू अजून पलीकडे आहेस असं त्यांना वाटत होतं आणि मला ते मोडवलं नाही.

"दुखलं," बाबा म्हणाले.

अख्खा शब्द, अगदी स्वच्छ. मग त्यांनी तोंड मिटून घेतलं. उजवी बाजू मिटत नव्हती, ती मी बोटांनी धरून ठेवली, त्यांचं रडून होईपर्यंत.

फोन चालू कर. आणि या खेपेला लवकर ठेवू नकोस.

कवळी